दूधखडा

१९ एप्रिल १९०४, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं आहे. मोठी माणसं लिहितात. मिस्टर पेनफोल्डही लिहितात, रोज संध्याकाळी तंबूबाहेर खुर्ची टाकून, आणि मधूनच टेकडीकडे असं पाहतात की जणू ती त्यांनीच रचून ठेवली आहे. मी पोलिदोरोस, या गावचा शाळामास्तर, ईस्टरपासून त्यांचा कारकून आणि दुभाषा. दुभाषा लागतो, कारण साहेबांना ग्रीक उत्तम येतं, पण ते अडीच हजार वर्षांपूर्वीचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मजुरांना हुकूम सोडला, "हे श्रमिकजनहो, या मृत्तिकेचे सत्वर निवारण करा!" मजुरांनी टोप्या काढून छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली.

गाव ज्या टेकडीला गाढवटेकडी म्हणतं (लग्नाला आलेल्या पाहुण्यांची गाढवं तिथे बांधतात), तिला आता वहीत 'राजप्रासाद' म्हणायचं. दुसऱ्या कुठल्याशा साहेबांना याच बेटावर पुराणातल्या मिनोस राजाचा वाडा सापडून जगभर नाव झाल्यापासून आमच्या साहेबांच्या डोळ्याला डोळा नाही. त्यांचं म्हणणं, तो वाडा कुणातरी सरदाराचा असणार. खरा मिनोस इथे राहायचा, आणि बैलाच्या तोंडाचा तो नरभक्षक मिनोटॉर ज्या चक्रव्यूहात कोंडला होता, तोही इथेच. आता फक्त पुरावा तेवढा सापडायचा बाकी आहे.

आज पुरुषभर उंचीचे अकरा रांजण निघाले. साहेबांनी वहीत लिहायला सांगितलं, 'मृतात्म्यांच्या तृप्त्यर्थ पात्रे'. माझी सासू, कीरा एर्गिना, मला जेवण घेऊन आली होती. तिने खड्ड्यात वाकून पाहिलं.

"तेलाचे आहेत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या अंगणात असाच एक आहे. त्यात तेल आहे."

साहेबांनी मला विचारलं, वृद्धा काय वदली? मी सांगितलं, ती म्हणते फार पवित्र वाटतं. साहेबांनी तेही लिहून घेतलं. अडाणी माणसांच्या तोंडून शास्त्राचा अपमान होऊ नये, एवढी काळजी दुभाष्याने घ्यावीच लागते.

२३ एप्रिल

संत जॉर्जचा सण. कामाला सुट्टी. निकिफोरोसने आग्रहाने साहेबांना अंगणात बोलावून कोकरू खायला घातलं. निकिफोरोस गावभराचे बूट शिवतो, हे त्याचं उघड काम. हिवाळ्यात पाऊस लागला की तो दगड कोरतो, आणि कास्त्रोच्या बंदरात उतरणारे प्रवासी जे 'प्राचीन' देव पिशवीत घालून मायदेशी नेतात, त्यातले बरेचसे त्याच्या दुकानात जन्माला आलेले असतात. त्याला यात काही गैर वाटत नाही. परक्यांनी आपलं खरं नेऊ नये म्हणून त्यांना खोटं पुरवायचं, हे तो देशसेवेत मोजतो.

राकी दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर साहेब म्हणाले, "मज असे ज्ञात झाले आहे की येथील स्त्रिया कंठी प्राचीन मुद्रा धारण करितात. त्या मज अवलोकन करावयाच्या आहेत."

"काय म्हणतोय?" निकिफोरोसने मला विचारलं.

"बायकांच्या गळ्यात काय आहे ते बघायचंय म्हणतात."

"त्याला सांग मास्तर, मागे एकाला असंच बघायचं होतं. तो तीन महिने नुसतं सूप पीत होता."

मी भाषांतर केलं, "यजमान म्हणतात, आमच्या रीतिरिवाजात आपण घेत असलेल्या रसाबद्दल आभारी आहोत."

२६ एप्रिल

साहेबांना काय हवं आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. ते माझ्याच घरात आहे.

नांगरताना शेतात कधीकधी बोराएवढे पांढरट खडे सापडतात, भोक पाडलेले आणि चित्र कोरलेले. शास्त्र सांगतं की ती प्राचीन लोकांची मोहोर. आमच्या बायका सांगतात की तो दूधखडा: बाळंतिणीने गळ्यात बांधला की तिला दूध येतं, आणि ज्या घरी तो नाही त्या घरी बाळ उपाशी राहतं. गावात असा एकच आहे. कुणाच्या मालकीचा नाही. जिला मूल होईल तिच्या गळ्यात तो जातो, तिचं मूल अन्न खाऊ लागलं की पुढचीकडे. सध्या तो माझ्या बायकोच्या, गारिफालियाच्या गळ्यात आहे. आमचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. बाप्तिस्मा व्हायचाय, म्हणून त्याला नाव नाही. सगळे त्याला 'ड्रॅगन' म्हणतात, आणि तो ओरडतोही तसाच.

मी हा खडा घरात येऊ दिला हा माझा मोठेपणा. दोन वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा मी साफ नकार दिला होता. शाळामास्तरच्या घरात गंडेदोरे बांधले तर मुलांना भूगोल कुठल्या तोंडाने शिकवायचा? मुलगी सव्वीस दिवस जगली. कास्त्रोच्या डॉक्टरांनी कागदावर ताप असं लिहिलं आहे. गारिफालिया त्यानंतर त्या विषयावर एक शब्दही बोललेली नाही, म्हणजे तिलाही ते पटलं असावं. या वेळी मात्र कीरा एर्गिना खडा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जावई, तू बाजूला हो, नाहीतर मी तुला बाजूला करीन." मी समंजसपणे बाजूला झालो.

३ मे

साहेबांना खड्याबद्दल सांगितलं. सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला, म्हणजे खरं तर कसं सांगावं यावर. दर शनिवारी नाहताना गारिफालिया खडा काढून पाण्याच्या वाटीत ठेवते. परवाच्या शनिवारी मी त्यावर मेण दाबून ठसा घेतला. चोरी वगैरे काही नाही. ठसा म्हणजे नुसती सावली.

साहेबांनी भिंग लावलं आणि खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"वृषभाचे मस्तक!" ते म्हणाले. "आणि खाली पाहा, मानवाचे पाय! हा स्वतः मिनोटॉर आहे, विद्वन्! ही मिनोसची राजमुद्रा!"

मला प्रामाणिकपणे सांगायचं तर शिंगं दिसली. पायांबद्दल थोडा गोंधळ होता, चार आहेत की सहा, पण साहेबांनी बोट ठेवून दाखवल्यावर दोन दिसायला लागले. घरी गेल्यावर सहज कीरा एर्गिनाला विचारलं की खड्यावर काय आहे.

"गाय आहे. मान वळवून पोटाखालच्या वासराला चाटतेय. दुधाच्या खड्यावर आणखी काय असणार, जहाज?"

शिक्षणाचा अभाव माणसाला काय काय दाखवतो!

७ मे

साहेबांना ठसा पुरेना. ठसा म्हणजे ऐकीव गोष्ट, दगड म्हणजे दस्तऐवज, असं त्यांचं म्हणणं. दगड मिळाला तर तो कास्त्रोच्या संग्रहालयात काचेखाली जाईल, आणि त्याची देखभाल करायला तिथे एक सहायक लागेल, आणि साहेबांचा शब्द तिथे चालतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्याकडे पाहिलं. काळा कोट, स्वतःचं टेबल, दारावर नावाची पाटी. इथे शेळ्यांचा वास येणारी चाळीस पोरं, आणि त्यातली निम्मी ऑलिव्हच्या दिवसांत गायब.

गारिफालियाला विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती काय उत्तर देईल ते माहीत असताना विचारणं म्हणजे उगाच तिला त्रास देणं.

संध्याकाळी निकिफोरोसच्या दुकानात गेलो. मेणाचा ठसा पुढे ठेवला.

"हुबेहूब असाच पाहिजे. पांढऱ्या दगडात. वर बैलाचं डोकं, खाली माणसाचे पाय."

त्याने ठसा उजेडात धरला. "मास्तर, मला तर इथे..."

"तुला काय दिसतं ते बाजूला ठेव. मी सांगतो ते कोर."

"बरं बरं." तो डोळा मिचकावून हसला. "साहेबाला शेंडी लावायची ना? आधी सांगायचं! साहेबासाठी असेल तर एक पैसा घेणार नाही."

मी काही बोललो नाही. खोटंही बोललो नाही. खोटा खडा साहेबाला जाणार हे त्याने स्वतःच ठरवलं. या बेटावर दुसरं कुणी काही ठरवलंही नसतं.

१५ मे, शनिवार

काम फत्ते. गारिफालिया आत न्हात होती, कीरा एर्गिना लाकडं आणायला गेली होती. वाटीतला खडा खिशात, खिशातला वाटीत. निकिफोरोसने कमाल केली आहे. बैलाचं डोकं खणखणीत, छाती रुंद, दोन भक्कम पाय, पोटऱ्यांसकट. खऱ्यापेक्षा खरा.

साहेबांनी दगड हातात घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांनी मिठी मारली. गळ्यातल्या दोऱ्याचा, दुधाचा आणि धुराचा वास त्या दगडाला होता. साहेब म्हणाले, हा प्राचीनतेचा गंध.

१७ मे

काल एक बारीकशी कटकट झाली. चर्चमधून आल्यावर गारिफालियाने खडा गळ्यातून पुढे ओढून तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"पोलिदोरोस, वासरू कुठे गेलं?"

"कुठलं वासरू?"

"इथलं. गाईच्या पोटाखालचं."

"झिजलं असेल. तीन हजार वर्षांत माणसं झिजतात, वासराचं काय घेऊन बसलीस! आणि मुळात ते वासरू नव्हतंच. तो बैल आहे."

तिने खडा परत आत टाकला. मग मुलाला उचलून आईच्या घरी गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. बायकांना ढगातही वासरं दिसतात. मी विषय वाढवला नाही.

२५ मे

दहा दिवस झाले. ड्रॅगन गुटगुटीत आहे, मांडीला वळ्या पडल्या आहेत, आवाज आणखी वाढला आहे. गळ्यात काय आहे? बूट शिवणाऱ्याने पंधरवड्यापूर्वी कोरलेला ओढ्यातला गोटा! अंधश्रद्धेचं इतकं शुद्ध खंडन कुठल्या विद्यापीठातही झालं नसेल. खेद एवढाच की हा प्रयोग कुणाला सांगता येत नाही.

गारिफालिया हल्ली शेजारी कालियोपीकडे फार रमते. कालियोपी निकिफोरोसची मुलगी. तिची पोरगी आमच्या ड्रॅगनपेक्षा सहा महिन्यांनी मोठी, भात-पेज खायला लागलेली, पण अजून आईला चिकटलेली. दोघी मिळून पीठ मळतात म्हणे. सकाळी मळतात, दुपारी मळतात, दिवेलागणीलाही मळतात. प्रत्येक वेळी मुलाला काखोटीला मारून नेते. एवढं पीठ मळूनही आमच्या ताटात तोच आठवड्याचा जवाचा कडक पाव, पाण्यात भिजवून खायचा. मी तसं बोलून दाखवलं. कीरा एर्गिनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिजवलेला पाव निमूटपणे संपवला.

गारिफालिया रोडावली आहे. गाणंही म्हणत नाही. उन्हाळा लवकर लागला आहे, त्याचा परिणाम असावा.

४ जून

साहेबांनी परदेशी तारा केल्या आहेत. लेख लिहून तयार आहे. 'राणीचे स्नानगृह' म्हणून जो मातीचा टब निघाला तो पाहून कीरा एर्गिना म्हणाली की यात राणी बसली असेल तर तिला बाहेर ओढायला चार दासी लागल्या असतील. मी सांगितलं, वृद्धा म्हणते राणीला चार दासी होत्या. तेही लेखात गेलं आहे.

जेवताना माझा मूड चांगला होता. मी गमतीत म्हणालो, "आपला ड्रॅगन आणि कालियोपीची पोरगी, जोडी काय शोभेल! निकिफोरोसशी सोयरीक. जन्मभर बूट फुकट."

गारिफालिया खाली मान घालून म्हणाली, "ते नाही होणार."

"का? आपण काय कुठले राजे लागून गेलो? मी तर अशा गोष्टींत उच्चनीच मानत नाही."

"जावई," कीरा एर्गिना म्हणाली, "एका अंगावर पिणाऱ्यांची लग्नं होत नाहीत..." आणि एवढं बोलून तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, ती तिच्या मावशीच्या गावच्या कुणाबद्दल तरी बोलत होती. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो.

११ जून

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

संग्रहालयाचं पत्र आलं. सहायक म्हणून नेमणूक, एक जुलैपासून, राहायला मागच्या बाजूला दोन खोल्या. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सहीसुद्धा वाचली. गारिफालिया हातातलं शिवण खाली न ठेवता म्हणाली, "तू जा."

"म्हणजे? आपण सगळे जायचं."

"मी कशी येऊ? कास्त्रोत त्याला पाजणार कोण?"

मी हसलो. अजून आठवतं आहे की मी हसलो. म्हटलं, पाजणार कोण म्हणजे? तू.

तिने शिवण ठेवलं. "माझ्या अंगावर दूध नाही. चार आठवडे झाले. कालियोपी पाजते दोघांना. मी लावून बघते रोज, थेंबभर आलं तर येतं, नाहीतर तो रडतो आणि मी त्याला तिच्याकडे नेते."

मी म्हणालो, पण खडा तर गळ्यात... आणि तिथेच थांबलो.

तिने दोरा सोडवला आणि निकिफोरोसचा गोटा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हा घे तुझा. पहिल्या दिवशीच कळलं मला. तो मी लहानपणापासून बघितलाय, आईच्या गळ्यात, मावशीच्या गळ्यात. ती गाय वासराला चाटायची. तू आणलेल्या गाईला वासरूच नाही."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? तू पुस्तक काढलं असतंस. मागच्या वेळीही काढलं होतंस." मग इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "ताप नव्हता, पोलिदोरोस. तिला भूक होती."

कीरा एर्गिना चुलीपाशी पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. दोन वर्षं मी घरातल्या या दोन बायकांच्या गप्प बसण्याला संमती समजत आलो. एवढा शिकलेला मूर्ख दुसरा सापडणार नाही.

१२ जून

निकिफोरोस दुकानातून सरळ आमच्या अंगणात आला, हातात आरी तशीच. कालियोपीने त्याला आज सगळं सांगितलं.

"माझा खडा परक्याला नाही दिलास?"

"नाही."

"परक्याला खरा, आणि घरच्या बाईला खोटा?" तो ओरडला नाही, तेच वाईट होतं. "मास्तर, मी आयुष्यभर खोटं विकलं, पण उलट्या दिशेने कधी नाही."

तो निघून गेला. आरी अंगणातच पडली होती. मी ती उचलून त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. आत जायचं धाडस झालं नाही.

१४ जून, सोमवार

सकाळी राजप्रासादावर, म्हणजे गाढवटेकडीवर गेलो. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं: साहेब, तुमच्याकडचा दगड खरा आहे, माझ्या खिशातला खोटा, हा ठेवा आणि तो मला परत द्या, माझ्या घरी मूल उपाशी आहे. नोकरी, पत्र, सगळं टेबलावर ठेवायची तयारी होती.

साहेब मुद्रा मखमलीवर ठेवून तिचं चित्र काढत होते. मी माझा गोटा शेजारी ठेवला.

"साहेब, यातला एक आमच्या गावच्या बूट शिवणाऱ्याने कोरला आहे..."

"मौन!" साहेब उठून उभे राहिले. चेहरा पांढरा. "एक अक्षरही उच्चारू नकोस. मी स्वतः ओळखीन. वीस वर्षांचा व्यासंग व्यर्थ नाही!"

भिंग आलं. मग दुसरं, त्याहून मोठं. दोन्ही दगड उन्हात नेले, सावलीत नेले, एकाला जीभही लावली. मजूर फावडी टेकून बघत उभे राहिले. पाऊण तास गेला. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी बोट वर केलं.

शेवटी त्यांनी निकिफोरोसचा गोटा दोन बोटांत धरून वर उचलला.

"ही राजमुद्रा! पाहा हा आत्मविश्वास, ही रेषा! हे नरपाद, या पिंडऱ्या! असे कर्म राजशिल्पीच करू जाणे." आणि खऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे? हे अनुकरण आहे. या ग्राम्य जनास मिनोटॉर कळलाच नाही. पाहा, त्याने एक गो आणि तिचा वत्स कोरला आहे! कडा झिजलेल्या दिसाव्यात म्हणून वाळूने घासला आहे. मजला प्रथमपासूनच शंका होती."

त्या कडा कुणी झिजवल्या ते मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना ते चित्र जसं आहे तसं दिसलं होतं, आणि दिसल्याबरोबर त्यांनी ते खोटं ठरवलं होतं. मध्ये बोललो असतो तर सगळंच हातचं गेलं असतं.

"तू मजला प्रथम कृत्रिम दगड दिलास," साहेब म्हणाले. "नंतर तुझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि तू अस्सल आणलास. हे क्षम्य आहे, परंतु विस्मरणीय नाही. अशा मनुष्याची संग्रहालयात योजना होणे योग्य नव्हे. मी आजच पत्र धाडीन."

"होय साहेब."

"हा दगड घेऊन जा. तुझ्या गृहिणीस दे. तिच्या योग्यतेचा आहे."

मी तो उचलला. इतक्या वर्षांत साहेबांशी मी शंभर टक्के सहमत झालो तो हा पहिला प्रसंग, म्हणजे त्यांची ओळख दोन महिन्यांची असली तरी. टेकडी उतरताना खडा मुठीत घट्ट धरला होता. वाटेत थांबून भिंग न लावता पाहिला. मान वळवलेली गाय. पोटाखाली वासरू, चार बारीक पाय, वर केलेलं तोंड. एवढं स्पष्ट होतं की मला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, आणि मी रडलो. एका शेळीवाल्याने विचारलं, मास्तर, पडलात का? मी हो म्हटलं.

१५ जून

खडा तिच्या हातात दिला. तिने तळहातावर वजन केलं, गाय पाहिली, वासरू पाहिलं, आणि दोरा माझ्यापुढे धरला. मी तिच्या मानेमागे गाठ मारली. माझी गाठ तिला आवडली नाही; तिने ती सोडून आईकडून पुन्हा मारून घेतली.

संध्याकाळी ती पीठ मळायला गेली. म्हणजे कालियोपीकडे. आता निदान ते तसं म्हणायची गरज नाही.

२० जून

साहेब गेले. सगळी खोकी घेऊन कास्त्रोला. निकिफोरोसची मुद्रा रेशमी पेटीत, दोन शिपायांच्या पहाऱ्यात. गाव टेकडीपर्यंत पोचवायला गेलं होतं. निकिफोरोसने छाती पुढे काढून टोपी हलवली, मुलगी सासरी निघाल्यासारखे डोळे पुसले. परत येताना माझ्याशी बोलला, आठ दिवसांनी पहिल्यांदा.

"काचेखाली ठेवणार म्हणे?"

"हो. राजाची म्हणून."

"राजाची," तो म्हणाला आणि बराच वेळ चालत राहिला. "पोटऱ्या चांगल्या आल्या होत्या मात्र."

शाळा सप्टेंबरमध्ये उघडेल. चाळीस पोरं, शेळ्यांचा वास. दारावर पाटी नाही.

२ जुलै

परवापासून गारिफालिया कालियोपीकडे फक्त सकाळी जाते. काल दुपारी नुसती गप्पा मारायला गेली, मुलाला माझ्याकडे ठेवून. आज गेलीच नाही.

दुपारी ती खिडकीशी बसून त्याला पाजत होती. तो पीत होता, डोळे मिटून, एक मूठ खड्याच्या दोऱ्यात अडकवून. मला आवाज ऐकू येत होता, गटागट, आणि मी दारात उभा होतो. दूध परत येण्याला शास्त्रीय कारण आहे. धक्क्याने दूध आटतं, बाळ लावत राहिलं आणि मन निवलं की परत येतं. डॉक्टरांच्या पुस्तकात यावर अर्धं पान आहे, मला पान क्रमांकही माहीत आहे. पुस्तक फळीवरून काढून हातात घेतलंही होतं. ते जागेवर ठेवलं.

तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसलो. माफी कशी मागतात ते मला येत नाही. शाळेत पोरांकडून ती मी रोज मागून घेतो, पण मागायची बाजू नवीन होती. कसंबसं बोललो: खड्याबद्दल. मग दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस दिवसांबद्दल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मुलाला या बाजूने त्या बाजूला घेतलं, तोंड पुसलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार दिवसांनी सरळ.

"दूध आलंय, पोलिदोरोस," ती म्हणाली. "बाकीचं अजून आलेलं नाही."

मी बरं म्हटलं आणि तिथेच बसून राहिलो.